गाणी माझी, बँड कुणाचा?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २९ वर्षांच्या आहेत. सांगली-मिरज परिसरात राहतात, पतसंस्थेत नोकरी करतात. स्वतः गाणी लिहून, चाली लावून गिटारवर एकट्याच गातात. कॅफे, कॉलेजचे कार्यक्रम, गणेशोत्सवाचा मंडप, मिळेल तिथे. २०१९च्या महापुरावरचं त्यांचं एक गाणं गावात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वर्षभरापूर्वी त्यांनी इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्स वाजवणारे तीन मित्र जमवले. हलगी आणि संबळ वाजवणारे एक दादा कार्यक्रमापुरते येतात. रॉक, भजनी ठेका, गोंधळ, थोडं रागसंगीत असं सगळं एकत्र आणायचं ठरलं. पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर ‘शब्द-संगीत’ म्हणून एकट्या लेखिकेचं नाव आलं आणि गिटारवाला मित्र दुखावला. त्याला गाण्यांवर सगळ्यांचं नाव हवं आहे. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांचं म्हणणं, ‘या गोंगाटात अभंगाचा शब्द बुडतो.’ आणि लेखिकेला स्वतःलाच वाटतं आहे की बँडमध्ये आपला आवाज हरवतोय. त्या विचारतात: बँड करावा की एकटीनं गात राहावं? केला तर गाणी माझी राहतील का? आणि इतकी सरमिसळ केल्यावर आम्ही नक्की कोण?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापासून सुरुवात करते. ‘हलगीवाले दादा फार छान वाजवतात, पण ते प्रोफेशनल नाहीत, त्यामुळे त्यांना कार्यक्रमापुरतं बोलावतो.’ दोनच ओळी खाली तुम्ही लिहिलंय की लग्नं, जत्रा आणि मिरवणुकांच्या सुपाऱ्यांवर त्यांचं घर चालतं. तुमची पतसंस्थेत नोकरी आहे, तिघा मित्रांच्याही नोकऱ्या आहेत. म्हणजे पाच जणांत वाजवण्यावर ज्यांचं पोट आहे असे ते एकटेच आहेत. मग प्रोफेशनल नसलेले तेच कसे?

तुमच्या मनात त्यांच्याबद्दल काही वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. गिटार-ड्रम्सवाल्या मंडळींत हा समज इतका मुरलेला आहे की बोलताना कुणाला खटकत नाही. पण हे वाक्य मी आधी घेतलं, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ मला इथेच दिसतं. बँडचा आवाज कसा असावा यावर तुम्ही वर्षभर बोललात. बँडमध्ये नेमकं कोण आहे, कुणाला काय मिळणार, कुठल्या बाबतीत कुणाचा शब्द शेवटचा, हे मात्र एकदाही बसून ठरलेलं दिसत नाही. ते ठरलं असतं तर पोस्टरवरून वाद झाला नसता, आणि कदाचित तुमचा आवाजही हरवला नसता. तो कसा, ते पुढे सांगते.

आधी ‘एकटी की बँड’. तुम्ही हा प्रश्न असा मांडलाय, जणू एकाची निवड केली की दुसऱ्यावर पाणी सोडावं लागेल. तसं नसतं. रब्बी शेरगिल यांचा आधी ‘काफिर’ नावाचा बँड होता. २००४मध्ये ज्या अल्बमनं त्यांचं नाव झालं तो मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर आला. त्यात सूफी कवी बुल्लेशाहांचे पंजाबी शब्द होते, रॉकची गिटार होती, साथीला वादकही होते, पण गाणी कुणाची याबद्दल ऐकणाऱ्याला शंका नव्हती. दुसऱ्या टोकाला ‘इंडियन ओशन’. दिल्लीत १९९०मध्ये सुरू झालेल्या या बँडची कितीतरी गाणी तालमीत, एकत्र वाजवता वाजवता घडली. असीम चक्रवर्ती २००९मध्ये गेले, सुस्मित सेन २०१३मध्ये बाहेर पडले. दोघंही अगदी पहिल्यापासूनचे. तरी बँड चालू राहिला, कारण गाणी घडवण्याची रीतच सगळ्यांची मिळून होती.

दोन्ही मार्ग चांगलेच आहेत. पण ते दोन वेगळे मार्ग आहेत, आणि आपण कुठल्या मार्गानं चाललोय हे सोबत्यांना आधी कळलं पाहिजे. तुमच्या पत्रावरून दिसतं की गाणं आधी तुमच्या वहीत पुरं होतं आणि मग तालमीत येतं. म्हणजे तुम्ही पहिल्या मार्गाच्या. यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. मात्र मग वर्षभर ‘आपला बँड, आपली गाणी’ असं म्हणत राहणं बरोबर नव्हतं. मित्रानं वर्षभर ‘आपलं’ ऐकलं आणि पोस्टर छापताना ते ‘माझं’ झालं. त्याच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं.

माझं मत विचाराल तर तूर्त बँड तुमच्याच नावानं चालवा. तुमचं नाव आणि खाली ‘सोबत’ म्हणून चौघांची नावं, सारख्याच आकाराच्या अक्षरांत. पुढे तालमीत खरोखर सगळ्यांची म्हणावीत अशी गाणी व्हायला लागली तर बँडचं स्वतंत्र नाव घ्यायला कोण अडवतंय? आज नाव शोधण्यात जी शक्ती जाते आहे ती वाचेल. आणि एकटीचे कार्यक्रम अजिबात बंद करू नका. कॅफेत गिटार घेऊन गाणारी तुम्ही आणि मंडपात पाच जणांसोबत गाणारी तुम्ही, दोघींना वेगवेगळे ऐकणारे मिळतील.

आता सरमिसळीकडे. तुम्ही राहता त्या भागात हा प्रश्न नवा नाही, म्हणून थोडं मागे जाते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यातल्या पदांना साकी-दिंडीच्या चाली होत्या, लावणीच्या होत्या, कर्नाटकी वळणाच्याही होत्या. असं संगीत नाटक करावं या कल्पनेमागे पारशी रंगभूमीची प्रेरणा होती. आज त्या सगळ्याला आपण नाट्यसंगीत म्हणतो आणि त्याची शुद्धता जपायला निघतो. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरायुष्यात मिरजेत राहिले. किराना घराण्याची गायकी गाणाऱ्या या माणसानं कर्नाटक संगीतातली सरगम मनापासून आपलीशी केली. ते १९३७मध्ये गेले, पण मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा तुम्ही ऐकली असेलच. आणि वडिलांच्या भजनी मंडळातली पेटी? तीही परदेशातूनच आली.

तेव्हा ‘सरमिसळ केली तर आपण कोण’ ही भीती सोडून द्या. प्रश्न सरमिसळ कशासाठी करायची एवढाच आहे. किर्लोस्करांना प्रसंग गाता यायला हवा होता, त्यासाठी जी चाल उपयोगी पडली ती त्यांनी घेतली. तुम्ही पाठवलेली यादी उलट्या बाजूनं तयार झाली आहे: दोन गाणी भजनी ठेक्याची, दोन गोंधळाची, तीन हार्ड रॉक, एक रागावर. ही प्रकारांची यादी झाली. गाण्यात काय आहे ते यातून कळत नाही.

तुमच्या पुराच्या गाण्याचंच बघू, कारण मला तेच सगळ्यात जास्त भावलं. तुम्ही लिहिता की त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ड्रम्स आहेत आणि हलगी मधल्या तुकड्यात ‘गावरान फील यावा म्हणून’ आहे. जरा थांबा. गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात तुम्ही रात्री रिक्षावरचा भोंगा गल्लीत फिरतो ते लिहिलंय: पाणी वाढतंय, घरं सोडा. भोंगा येण्याआधी आपल्या गावांत असा सांगावा कसा दिला जायचा? हलगी वाजवून, दवंडी पिटून. म्हणजे तुमच्या गाण्यात हलगीची खरी जागा आहे आणि ती दुसऱ्या अंतऱ्यात आहे. तिथे गिटार, बेस, ड्रम्स सगळं थांबलं, नुसती हलगी आणि तुमचा आवाज उरला, तर ऐकणाऱ्याला काहीही समजावून सांगावं लागणार नाही. ज्यांनी ती रात्र काढली आहे त्यांना तर नाहीच.

प्रत्येक गाण्याला हाच प्रश्न विचारा: या गाण्यातली कुठली जागा माझ्या एकटीच्या गिटारला पेलत नाही? तेवढ्याच जागी दुसरं वाद्य आणा. आठपैकी तीन गाण्यांत अशी जागा सापडलीच नाही तर ती तीन गाणी एकटीनं गा. कार्यक्रमाच्या मध्यावर चौघे विंगेत गेले आणि तुम्ही एकट्या उरलात तर बँडचा काही अपमान होत नाही.

आवाज हरवण्याचं आता बघू. हे वाचून तुम्हाला वाटलं असेल की मी काही मनाचं, आत्मविश्वासाचं सांगणार. पण मला तुमच्या पत्रात कारणं दिसतात ती बरीचशी साधी आणि कानाला कळणारी आहेत.

पहिलं कारण पट्टीचं, म्हणजे तुम्ही ‘सा’ कुठल्या सुरावर धरता त्याचं. एकटीनं गाताना तुमची पट्टी काळी चार. बँडमध्ये गिटारवाल्याला ए सोयीचा पडतो म्हणून तुम्ही अर्धा सूर वर, पांढरी सहामध्ये गाता. अर्धा सूर ऐकायला थोडा वाटतो, पण तार सप्तकातल्या जागांवर तोच गळा आवळतो आणि तासाभराच्या कार्यक्रमात शेवटची गाणी ओढून गावी लागतात. उपाय सोपा आहे. गिटार आणि बेसच्या सगळ्या तारा अर्ध्या सुरानं उतरवायच्या. मित्र ए-चीच पकड ठेवेल, सूर तुमच्या काळी चारचा येईल. कितीतरी रॉक बँड गाणाऱ्याच्या गळ्यासाठी हेच करत आले आहेत. वर्षभर हे कुणी सुचवलं नाही, कारण गाणाऱ्याची पट्टी पक्की आणि बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं, असं तुमच्यात ठरलेलंच नव्हतं. मघाशी म्हटलं ते हे.

दुसरं कारण कॉर्डचं, म्हणजे गिटारवर एकत्र वाजणाऱ्या सुरांचं, विशेषतः रागावरच्या गाण्यात. तुम्ही कोमल गंधार गाताय आणि खाली मेजर कॉर्डमधला शुद्ध गंधार वाजतोय, तर ऐकणाऱ्याला काहीतरी बेसूर वाटणार आणि दोष गळ्याच्या माथी बसणार. इथे रॉकची गिटारच तुमच्या मदतीला येते. पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसतोच, षड्ज आणि पंचम एवढेच सूर असतात. तंबोऱ्याच्या तारांवरही बहुतेक वेळा हेच दोन सूर लावलेले असतात. तुमच्या मित्राला एकदा मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात घेऊन जा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यावर पुष्कळ छापून आलं, पण तिथे बसून ऐकणं वेगळं. कारागीर जवारी कशी लावतात, घोडीवर तारेखालचा दोरा किंचित सरकवला की बोथट सूर कसा उघडतो आणि त्यातून बाकीचे सूर कसे झंकारायला लागतात, ते त्याला ऐकू द्या. डिस्टॉर्शनच्या (गिटारचा सूर जाड, खरखरीत करणाऱ्या) पेडलवर तो जो भरलेला सूर शोधत बसतो, त्याचं नातं कुठे जुळतं ते त्याला तिथे कळेल. मला वाटतं, तुमच्या बँडचा आवाज अशा जागी घडेल.

तिसरं कारण पातळीचं. दहा बाय बाराच्या खोलीत पूर्ण ड्रमसेट वाजत असेल तर गाणारी ओरडणार, दुसरं होणार काय? सुरुवातीचे काही महिने ड्रमरनं काठ्यांऐवजी ब्रश घ्यावेत किंवा कहॉनवर (बसून हातानं वाजवायच्या लाकडी खोक्यावर) वाजवावं. कार्यक्रमात तुमच्या पायाशी स्वतंत्र मॉनिटर (तुम्हाला तुमचंच गाणं ऐकवणारा स्पीकर) मागा आणि साऊंडवाल्याला आधीच सांगा की त्यात तुमचा आवाज सगळ्यात वर हवा. हलगीचा माईक तुमच्या माईकपासून लांब ठेवा, नाहीतर तुमच्याच माईकमधून हलगी ऐकू येते. तालमीच्या जागेचंही बोलून ठेवते: निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्री दहानंतर तर ध्वनिवर्धक बंदच. शेजाऱ्यांशी भांडण होण्याआधी रविवार सकाळची वेळ आणि वस्तीपासून दूरचं एखादं गोदाम किंवा मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल शोधा.

वडिलांचं वाक्य आता पुन्हा वाचा. ‘या गोंगाटात अभंगाचा शब्द बुडतो.’ तुम्ही त्याचा अर्थ ‘बाबांना नवं काही नको’ असा काढलात. मला त्यात एका पखवाजवादकाचा नेमका अभिप्राय दिसतो. आयुष्यभर गाणाऱ्याचा शब्द वर राहील असं ते वाजवत आले. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या तोंडाचा खर्ज आणि ड्रमसेटची किक हे दोन्ही आवाज तळाचे. दोन्ही एकाच वेळी वाजले की तळ गढूळ होतो आणि त्यात बेस मिसळली की शब्द बुडतोच. त्यांना तालमीला बोलवा. वाजवायला येतील तेव्हा येतील, आधी ऐकायला बोलवा, आणि ‘कुठे शब्द कळला नाही’ एवढंच विचारा. ते हात वर करतील तिथे काहीतरी काढून टाका. एवढं करूनही त्यांना अभंग बँडमध्ये नकोच वाटला तर तूर्त तो सोडून द्या. तुम्ही स्वतः गाणी लिहिता. अभंगावाचून तुमचा कार्यक्रम अडत नाही, आणि बँड उभा करताना घरात कायमची कटुता येऊ देण्याइतकं ते एक गाणं मोठं नाही.

अभंग गायचाच असेल तर एक काळजी घ्या. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण तुम्ही जी चाल गाता ती भजनी मंडळातली पारंपरिक आहे की कुण्या आधुनिक संगीतकारानं बांधलेली, हे तपासा. आपल्या कानात बसलेल्या बऱ्याच चाली दुसऱ्या प्रकारच्या असतात आणि त्यांवर त्या संगीतकाराचा, त्याच्यामागे त्याच्या वारसांचा, मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो.

आता नावाचा आणि हक्काचा प्रश्न. हे नीट वाचा, आणि तुमच्यासारख्या इतरांनीही वाचावं, कारण चांगल्या मैत्र्या इथे तुटतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार एका ध्वनिमुद्रित गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, संगीतरचनेचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कलाकार म्हणून हक्क असतात ते निराळेच. गाणं रचलं की हक्क आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र कधी रचलं याचा पुरावा जवळ असावा. फोनवर केलेलं तारखेसकट रेकॉर्डिंग आणि वहीतलं पान जपून ठेवा.

शब्द तुमचे. त्यात वाटेकरी नाही आणि मित्रानंही तो आग्रह धरू नये. ध्वनिमुद्रण ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून केलं त्याचं मानलं जातं. तुमची दोन गाणी मित्राच्या घरच्या सेटअपवर रेकॉर्ड झाली आहेत, तेव्हा ती कुणाची हे आजच लिहून घ्या. उरली संगीतरचना, आणि खरा पेच इथेच आहे. तुम्हीच प्रामाणिकपणे लिहिलंय की पुराच्या गाण्याच्या सुरुवातीची गिटारची ओळ लोक गुणगुणतात. ती ओळ मित्राची. मग स्वतःला विचारा: उद्या तो नसताना दुसऱ्या गिटारवाल्याला तीच ओळ वाजवायला सांगेन का? सांगणार असाल तर ती गाण्याच्या रचनेचा भाग झाली, आणि त्या गाण्याच्या संगीतात त्याचा वाटा आहे. सांगणार नसाल, दुसऱ्यानं आपल्या मनानं काहीही वाजवलं तरी चालणार असेल, तर ते वादन झालं; त्याला मानधन आणि वादक म्हणून नाव. ही कसोटी कायद्याच्या पुस्तकातली नाही, पण एकमेकांशी बोलताना ती उपयोगी पडते. गाण्यागणिक ठरवा. ‘सगळ्या गाण्यांवर सगळ्यांचं नाव’ हेही चुकीचं आणि ‘सगळं माझं’ हेही.

ठरलं की एका कागदावर गाण्याचं नाव, कुणाचा काय वाटा, तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. पुढे तुम्ही इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या सभासद झालात (ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था १९६९पासून आहे) तर तिथेही गाण्याची नोंद करताना वाटे सांगावेच लागतात. कुणी कंपनी करार घेऊन आली तर लक्षात ठेवा: हक्क लेखी आणि सहीनिशीच दिले जातात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणूनच करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द दिसले की थांबून वकिलाला दाखवा. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला सोडून देता येत नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

पैशाचं खरं चित्रही समोर असू द्या. स्पॉटिफायवर २०२४पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेलं गाणं ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळवतच नाही. पुढची काही वर्षं तुमचे पैसे कार्यक्रमांच्या बिदागीतूनच येणार. मित्रही बहुधा पैशासाठी भांडत नाहीये. त्याला आपलं काम ओळखलं जावं असं वाटतंय, आणि ते करणं तुमच्या हातात आहे.

म्हणून पुन्हा दादांकडे येते. हलगी ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली त्यांना तिच्याबद्दल मान कमी आणि अवहेलना जास्त मिळाली. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी गावकीची वाजंत्री सोडली ती याच कारणानं. आज तेच वाद्य रॉकच्या मंचावर टाळ्या घेतं आणि वाजवणारा मात्र पाहुणा राहतो, पोस्टरवर त्याचं नाव नसतं, असं होत असेल तर जुनीच गोष्ट नव्या कपड्यांत चालू आहे. दादा बँडमध्ये आहेत की नाहीत हे त्यांनाच विचारा. बँडचे सभासद व्हायचं असेल तर तालमीला, फोटोला आणि निर्णयालाही ते हवेत. सुपारीवर येणंच त्यांना परवडत असेल तर तेही मान्य करायचं, पण मग त्यांची बिदागी कार्यक्रमाच्या दिवशी रोख, बाकी कुणालाही काही मिळण्याआधी. तुम्हा चौघांना महिन्याच्या शेवटी पगार आहे. लग्नसराईत त्यांनी तुमच्यासाठी एक दिवस दिला तर त्या दिवसाची सुपारी त्यांनी सोडलेली असते, तो हिशोब तालमींनाही लागू होतो. ‘तालमीचे पैसे कसले’ असं तिघा मित्रांपैकी कुणी म्हणालं तर हे त्याला समजावून सांगा.

आणि त्यांच्या वाद्याची सोय बघा. कातड्याची हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकावी लागते, पावसाळी हवेत ती पुन्हा पुन्हा उतरते. सभागृहात जाळ करता येत नाही. गिटारवाल्याच्या पेडलला प्लग पॉइंट मिळाला का हे सगळे विचारतात. दादांना बाहेर हलगी शेकायला जागा आणि दहा मिनिटं मिळाली का, हे आयोजकांच्या यादीत तुम्ही लिहायला हवं. फायबरची हलगी आणायची का, हेही त्यांनाच ठरवू द्या. दवंडीचा तुकडा त्यांनी स्वतः बांधला तर गिटारच्या ओळीला लावलेली कसोटी त्यालाही लावा.

बाकीचं थोडक्यात. मिळालेल्या रकमेतून आधी प्रवास आणि दादांची बिदागी, मग एक ठरलेला भाग बँडच्या खात्यात, उरलेलं समान. गाण्याच्या शब्दांबाबत आणि पट्टीबाबत तुमचा शब्द शेवटचा. कुठला कार्यक्रम घ्यायचा, किती रकमेला, हे बहुमतानं. यूट्यूब चॅनल आणि इन्स्टाग्रामचे पासवर्ड निदान दोघांकडे हवेत. कुणी बाहेर पडलं तर कुठली गाणी, कुठलं नाव, कुठलं रेकॉर्डिंग कुणाकडे राहील, हे सगळं गोडीत असतानाच लिहून ठेवा. नोकरी सोडायचा विचार पत्राच्या शेवटी एका ओळीत आलाय, तो तूर्त बाजूला ठेवा. नोकरीमुळेच तुम्हाला नको त्या सुपारीला नाही म्हणता येतं. बाहेरगावच्या कार्यक्रमानंतर रात्री परत कसं यायचं, हे ठरल्याशिवाय होकार देऊ नका. बँडमध्ये तुम्ही एकट्याच बाई आहात आणि ही जबाबदारी तुमच्या एकटीची नाही, ती सगळ्यांची आहे असं स्पष्ट सांगा.

सगळी आठ गाणी एकदम बसवू नका. तीन घ्या: पुराचं, रागावरचं, आणि तिसरं मित्राच्या एखाद्या ओळीवरून तुम्ही दोघांनी मिळून नव्यानं केलेलं. हे तिसरं गाणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकत्र गाणं करणं तुम्हाला जमतं का आणि आवडतं का, ते त्यातूनच कळेल. तीन महिने द्या. प्रत्येक तालीम फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं एकट्यानं ऐकून यावं. तीन महिन्यांनी तिसरं गाणं झालंच नाही, तर तुम्ही बँडच्या नाहीत, साथीदारांसोबत गाणाऱ्या गायिका आहात. त्याप्रमाणे सगळ्यांना मानधन ठरवा आणि पुढे जा.

मित्राशी बोलायला जाताना कागद सोबत नेऊ नका. आधी त्याची ओळ लोक गुणगुणतात हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. पत्रात तुम्ही ते मला लिहिलंत, पण त्याला कधी सांगितलं आहे असं त्यात कुठे दिसत नाही. वाट्याचा कागद पुढच्या भेटीत, दादांसकट पाचही जण बसलेले असताना काढा.